नाव झाकून मोजणारे अण्णा

इंदिराक्कांचा फोन आला तेव्हा मी सांबाराला फोडणी देत होते. अक्का निवांत असल्या की मराठीत बोलतात. घाई असली, राग आला, की त्यांच्या तोंडून आपसूक कन्नड बाहेर पडतं. त्या सकाळी एकच वाक्य आलं, "सुमन, अण्णा होगबिट्रु..." अण्णा, त्यांचे यजमान, गेले. मी गॅस बंद केला की नाही ते मला आजही आठवत नाही. माझ्यामागून विलासनं, माझ्या नवऱ्यानं, केला असावा. दोन गल्ल्या ओलांडून मी पोचले तर अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले, पायांत मोजे, बूट शेजारी जोडीनं ठेवलेले. फिरून आले, बूट काढले, कॉफी मागितली आणि अक्का कॉफी घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलंही होतं. अक्का मला म्हणाल्या, "कॉफी नको होती तर सांगायचं तरी. मी दूध तापवलं ना..." आणि मग आम्ही दोघी रडलो.

याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की चांगलं तेवढंच लिहावं अशी रीत आहे. मला मात्र पेन हातात घेतल्याबरोबर आठवलं ते आमचं भांडण. ते सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत, तेव्हा ते येईलच ओघात. पण आधी माणूस सांगते.

डॉक्टर श्रीपादराव, म्हणजे सगळ्या बसवनगुडीचे अण्णा. घराणं मराठी, पण बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झालेल्या की मूळ गाव विचारलं तर ते म्हणायचे, "घोड्यावरून आलो की बैलगाडीतून, तेवढंच आता माहीत नाही." मी निपाणीची. लग्न होऊन या शहरात आले आणि त्यांच्या घराच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहिले. पहिल्या दिवशी मी पाणी किती वाजता येतं, कचरा कुठे टाकायचा, दूधवाला कोण, असं सगळं एका दमात विचारलं. अण्णा शांतपणे ऐकून म्हणाले, "स्वल्प सावकाश बोल गे. आमचं मराठी जुनं आहे, पळत नाही." जवळच्याच मुलींच्या शाळेत मला गणिताची नोकरी लागली तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'टीचर' झाले, ती शेवटपर्यंत. आम्ही पुढे दोन गल्ल्या सोडून स्वतःचा फ्लॅट घेतला, पण माझी मुलगी मुक्ता वाढली ती त्यांच्याच अंगणात. अण्णांना मूल नव्हतं. सायकल त्यांनी शिकवली, पडल्यावर गुडघ्याला औषध त्यांनी लावलं, आणि ओरडा मात्र मी खाल्ला, तोही अक्कांकडून.

अण्णा रेडिओलॉजिस्ट. आयुष्यभर एका मोठ्या इस्पितळात मेंदूच्या तसबिरी वाचण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, अण्णा शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्याला जायला लागले. तिथे एक कंपनी संगणकाला मेंदूतले डाग मोजायला शिकवत होती. एमआरआयमध्ये मेंदूच्या पातळ पातळ चकत्या केल्यासारखी चित्रं निघतात. काही आजारांत त्या चकत्यांवर पांढुरके डाग दिसतात, आणि डॉक्टरांना हवं असतं एवढंच, की मागच्या वेळेपेक्षा हे डाग वाढले की नाही. माणसानं मोजायचं तर एकेका चकतीवर एकेका डागाभोवती माऊसनं रेघ ओढायची आणि सगळ्यांचं मिळून घनफळ काढायचं. डोळे फुटायची वेळ. संगणक तेच काम बघता बघता करतो. पण तो करतो ते बरोबर कशावरून? याची पडताळणी हे अण्णांचं काम. त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर रंजितानं हातानं रेघा ओढायच्या, आणि संगणकाच्या रेघा त्यांच्याशी ताडून बघायच्या.

मी आपली गणिताची बाई. मी विचारलं, "म्हणजे तुमचं उत्तर बरोबर धरायचं आणि मशीनचं तपासायचं, असंच ना?" अण्णा म्हणाले, "माझं बरोबर, हे तुला कोणी सांगितलं?" मला हा नसता विनय वाटला. तेवढ्यावर तो विषय संपला असं मी समजले. पुढच्या रविवारी खाली कॉफीला गेले तर त्यांनी आलेखाच्या कागदावर छापलेला एक वेडावाकडा करडा डाग माझ्यापुढे ठेवला, पेन्सिल दिली आणि म्हणाले, याची कड काढून दे. मी काढली, आतले चौकोन मोजले, उत्तर लिहून दिलं. सोपं होतं. पुढे काही रविवारी त्यांनी असेच आणखी डाग दिले, मीही हौसेनं काढले. मग एकदा त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. एकच डाग होता! दुसऱ्या खेपेला त्यांनी तो उलटा फिरवून दिला होता आणि मला पत्ता लागला नव्हता. माझी दोन उत्तरं एकमेकांच्या जवळपासही नव्हती. मी भडकले. "तुम्ही मला फसवलंत!" तर हसून म्हणाले, "फसवलं नाही गे, मोजलं. डागाची कड कुठे संपते ते डागालाही माहीत नसतं. आधी आपल्या हाताचा फरक काढायचा, मग दुसऱ्याचा. जो बदल आपल्या हाताच्या फरकाएवढा, त्याला बदल म्हणायचं नाही." अक्का आतून म्हणाल्या, "माझ्याकडून पण काढून घेतले हो डाग. मी तर प्रत्येक वेळी वेगळाच काढला. नशीब, मी डॉक्टर नाही."

तिथे, महादेवपुऱ्यातही, त्यांचा हाच नियम. चित्रावरचं नाव काढायचं. तारीख काढायची, म्हणजे आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते कळायला नको. सगळी चित्रं पत्त्यांसारखी पिसायची, आणि त्यांत तीच ती पुन्हा घालायची. नंतरचं चित्र आहे हे ठाऊक असलं की डोळे वाढ शोधायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. नियम कामापुरता असता तर कोणाची तक्रार नव्हती, पण अण्णा तो घरीदारी पाळायचे. एकदा शाळेच्या रांगोळी स्पर्धेला मी त्यांना परीक्षक म्हणून नेलं आणि पस्तावले. त्यांनी आधी रांगोळ्यांसमोरून मुलींना बाहेर काढलं. नावांच्या चिठ्ठ्या उलट्या करायला लावल्या. सगळ्या रांगोळ्या बघून मार्क दिले, मग कॉफी प्याले आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा सगळ्या बघितल्या. दोन्ही खेपांना पहिला नंबर वेगळा आला. मुख्याध्यापिकांना म्हणाले, "या दोघींतला फरक मला सांगता येत नाही, दोघींना द्या." करंडक एकच होता. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच तो फोडला. शेवटी अण्णांनी स्वतः गांधीबाजारातून दुसरा करंडक आणून दिला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा निघाल्यावर पुन्हा रडारड झाली ती वेगळीच.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मुक्ताचा एक डोळा धूसर झाला. नुकती नोकरीला लागली होती ती. स्क्रीन फार बघते म्हणून मी तिला रागावले. काही दिवसांनी डावा पाय बधिर झाला. तपासण्या झाल्या आणि निदान आलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीराचं संरक्षण करणारी फौज आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असं काहीसं डॉक्टरांनी समजावलं. मला त्यातलं काही शिरलं नाही. मी अण्णांकडे बघत होते. ते आमच्याबरोबर आले होते आणि पडद्यावर मुक्ताच्या मेंदूच्या त्या पहिल्या चित्राकडे बघत उभे होते. कितीतरी वेळ. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "औषधं आहेत बाळा. चांगली आहेत." बास. त्यांनी मला काही जास्त सांगितलं असतं तर मी घाबरले असते. ते त्यांना माहीत असावं.

औषध लागू पडलं. मुक्ता पुन्हा कामाला जायला लागली, तिचं आणि आदित्यचं लग्न झालं, दोघांनी नोकरीजवळ महादेवपुऱ्यात घर घेतलं. दोन वर्षं सगळं स्थिर राहिलं तेव्हा तिच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी सांगितलं की मुलाचा विचार करायला हरकत नाही, फक्त एक एमआरआय करून घ्या. त्या दिवशी मुक्ता आमच्याकडे आली होती, ती अंगणातून गात आली. माझी मुलगी गात नाही, तिला सूर नाही. तरी गात आली.

तो एमआरआय तिनं घराजवळच्या नव्या केंद्रात केला. अहवालात संगणकानं मोजून दिलं होतं की डागांचं घनफळ चांगलंच वाढलं आहे. तज्ज्ञ म्हणाले, मग आता जास्त कडक औषध सुरू करावं लागेल, आणि ते चालू असेपर्यंत मुलाचा विचार नको. किती वर्षं? ते सांगता येणार नाही. घरी आल्यावर मुक्तानं आत जाऊन दार लावून घेतलं. मी आधीच्या आणि या, अशा दोन्ही एमआरआयच्या सीडी उचलल्या आणि अण्णांचं घर गाठलं.

"अण्णा, तुम्ही बघा आणि सांगा की वाढलेलं नाही." मी असंच म्हणाले. बघा आणि काय ते सांगा, असं म्हणाले नाही. अण्णांनी सीडी हातातसुद्धा घेतल्या नाहीत. म्हणाले, "नाव माहीत असलेल्या माणसाचं मी मोजत नाही, टीचर. नियम आहे."

"नियम?" मी सीडी पुन्हा पुढे केल्या. "ती तुमच्या अंगाखांद्यावर वाढलीय, आणि तुम्ही मला नियम सांगता?"

"म्हणूनच सांगतो."

अक्का मध्ये पडल्या, "अहो, नुसतं बघायला काय जातं?" मी सीडी तिथेच टेबलावर आपटल्या आणि निघून आले. रस्ताभर मी त्यांना काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. बंगळूरच्या पोरांची आयुष्यं मोजणारा हा माणूस आपल्या घरच्या पोरीला पाच मिनिटं देऊ शकत नाही! विलास म्हणाला, स्वल्प थांब, ते काहीतरी करतील. विलास गेली कित्येक वर्षं मला स्वल्प थांब म्हणतोय.

दोन दिवसांनी अण्णांचाच फोन आला. त्यांनी सीडी रंजिताकडे दिल्या होत्या. ती दोन्ही चित्रांवरची नावं, तारखा पुसणार, त्यांना इतर पुष्कळ रुग्णांच्या चित्रांत मिसळणार, आणि मग ते सगळं अण्णाही मोजणार, रंजिताही मोजणार, दोघं वेगवेगळे बसून. "त्यात मुक्ताचं कुठलं ते मला कळणार नाही. चालेल?" मी म्हटलं, चालेल. दुसरं काय म्हणणार? मग म्हणाले, "आणि हे होईपर्यंत तू माझ्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. मुक्तानं पण नाही." त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. भाजी घेताना अण्णा समोर दिसले तर ते दुसऱ्या फुटपाथवर जायचे. माझ्या चेहऱ्यावरून काही कळायला नको म्हणून. अक्का पिशवीतून अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ घेऊन यायच्या, जेवण झालं का विचारायच्या आणि बाकी काही न बोलता डबा मागून घेऊन जायच्या.

मग एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मुक्ता, आदित्य, विलास, मी. अण्णांच्या हातात काही कागद वगैरे नव्हता. त्यांनी मुक्ताला समोर बसवलं आणि सगळं तिच्याकडे बघून सांगितलं. पहिली गोष्ट ही की जुने डाग वाढलेले नाहीत. नव्या केंद्रातलं यंत्र जास्त पातळ चकत्या काढतं, त्यामुळे डागांच्या कडा जास्त दिसतात, आणि तिथल्या संगणकाचं मोजमाप त्या यंत्रावर कधी कोणी पडताळून पाहिलंच नव्हतं. नव्या यंत्रावरच्या मापातून जुन्या यंत्रावरचं माप त्यानं सरळ वजा करून टाकलं होतं. आकडा चुकीचा होता. माझ्या तोंडून "देवा!" निघालं. आदित्यनं मुक्ताचा हात धरला. अण्णा थांबले होते. त्यांचं संपलेलं नव्हतं.

"दुसरी गोष्ट. एक नवीन ठिपका आहे. बारीक आहे, अगदी कडेला चिकटून, संगणकाला तो दिसलाच नाही. मागच्या चित्रात तो नव्हता." मुक्तानं विचारलं, "नक्की, अण्णामामा?" अण्णा म्हणाले, "रंजितानं पाहिलाय. तिसऱ्या एका डॉक्टरांना नाव न सांगता दाखवला, त्यांनीही पाहिलाय. नक्की." म्हणजे आजार आत चालूच होता. म्हणजे औषध बदलायलाच हवं होतं. मशीनचं उत्तर चुकीचं आणि निर्णय मात्र तोच! मुक्ता म्हणाली, "बरं." एवढंच. आणि मी, जिला वर्गात कधी आवाज चढवावा लागला नाही, ती मी ओरडले, "इतक्या बारीक ठिपक्यासाठी तुमचा हात एकदा तरी चुकायला काय झालं होतं हो?" अण्णांनी खाली बघितलं. मी आई आहे, आईनं बोलावं ते मी बोलले, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. पण त्यांचा तो खाली गेलेला चेहरा मी विसरलेले नाही.

मग कितीतरी महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. मुक्ता जायची. तिचा राग कधी नव्हताच. "आई, तो ठिपका अण्णामामांनी आणलेला नाही," ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, "माहितेय मला." माहीत असणं आणि राग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गणिताच्या बाईला पन्नाशीला टेकल्यावर कळायची वेळ आली होती. कडक औषध सुरू झालं. सलाइनमधून द्यायचं ते. इस्पितळात मुक्ताजवळ मी बसायचे आणि एखाद्या दुपारी अण्णा यायचे, दाराशी उभे राहून तिला विचारायचे, "कॉफी झाली?" ती हो म्हणायची, मग ते जायचे. एका दुपारी मुक्ताला झोप लागली होती. अण्णा दाराशी आले, घुटमळले. मीच म्हटलं, "माझी नाही झाली." आम्ही कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो. पाणचट कॉफी होती. अण्णा म्हणाले, "अक्काला सांगू नको, ही आपण प्यायली म्हणून." त्या कॉफीनंतर मी पुन्हा त्यांच्या घरी जायला लागले. झाल्या गोष्टीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

आजार शांत झाला. मुक्ताच्या डाव्या पायात थोडी ओढ राहिली, जिना चढताना दिसते. पण पुढे तज्ज्ञांनी औषध थांबवून मुलाला परवानगी दिली आणि आमची ईरा आली. अण्णांनी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा मी म्हटलं, "कोणासारखी दिसते सांगा." सवयीनं म्हणाले, "आईबापाचे फोटो आधी झाका, मग सांगतो." अक्कांनी कपाळाला हात लावला. ईरा त्यांना ताता म्हणायला शिकली. कन्नडमधला आजोबा. त्या एका हाकेला अण्णा लहान मुलासारखे धावत यायचे, हातातलं वर्तमानपत्र टाकून. मोजमाप नाही, नियम नाही. ती मागेल तेवढे बेकरीतले कोडबळे, आपल्या कडबोळ्यांसारखे, तिला मिळायचे आणि मग ती जेवायची नाही.

मागच्या आठवड्यात मुक्ताचा नेहमीचा एमआरआय होता. अण्णा नसतानाचा पहिला. सोबत मी गेले. आता इस्पितळातला एमआरआय विभाग रंजिता बघते. तिनं बघून सांगितलं, सगळं शांत आहे, नवीन काही नाही. आम्ही उठायला लागलो तर तिनं आम्हाला बसवलं. ती घरी तमिळ आणि कामावर कन्नड बोलणारी, माझ्याशीही कन्नडच बोलते. म्हणाली, "आंटी, सर होते तोवर मी हे सांगू शकले नसते. त्यांनी मनाई केली नव्हती, पण मला धीर झाला नसता." आणि तिनं पडद्यावर एक जुनं चित्र उघडलं. मुक्ताचं, त्या वेळचं. डागांभोवती दोन रंगांच्या रेघा होत्या. हिरवी रेघ रंजिताची, लाल अण्णांची.

आधी तिनं दुसऱ्याच कोणाची, नावं नसलेली, काही चित्रं दाखवली. त्यांत लाल आणि हिरवी रेघ एकमेकींवर इतकी चपखल बसलेली की वेगळी काढता येत नव्हती. मग पुन्हा मुक्ताचं. इथे प्रत्येक डागावर लाल रेघ आत होती. थोडीच आत, पण प्रत्येकावर. कुठेही, एकाही चकतीवर, ती चुकून बाहेर गेली नव्हती. अण्णांच्या हातानं माझ्या मुलीचे सगळे डाग लहान काढले होते.

रंजिता म्हणाली, "आम्ही दोघांची मापं ताडली तेव्हा मी सरांना म्हटलं, या एकाच रुग्णाचं तुमचं माप सगळीकडे कमी का येतं? सर चित्राकडे बघत बसले. मग म्हणाले, ही मुक्ता आहे ना? मी म्हटलं, तुम्ही ओळखलं होतं? तर म्हणाले, मला नाही कळलं... हाताला कळलं असावं." त्यांनी पहिलं चित्र कधी बघितलं होतं ते मला आठवलं, निदानाच्या दिवशी, मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवायच्या आधी. चेहरा एकवेळ विसरेल, पण एकदा पाहिलेला मेंदू विसरणार नाही, असला तो माणूस. रंजिता सांगतच होती, "मग म्हणाले, माझं वाचन बाद कर, तुझंच धर. आणि तिसऱ्या कोणालातरी दाखव."

त्या रविवारी मुक्तानं 'नक्की?' विचारलं तेव्हा अण्णांनी दोन डॉक्टरांचा हवाला दिला होता, स्वतःचा दिला नव्हता. मी इतकी वर्षं ऐकूनही ते ऐकलं नव्हतं.

मुक्तानं विचारलं, "आणि तो नवीन ठिपका?" रंजितानं ती चकती पुढे आणली. अगदी कडेला, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. त्याच्याभोवती हिरवी रेघ. फक्त हिरवी. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. लाल रेघ तिथे नव्हतीच.

"सरांच्या मोजमापात हा नाही आंटी," रंजिता म्हणाली. "माझा हिरवा गोल बघितला तेव्हा त्यांनी तो पहिल्यांदा बघितला."

दिवसभर मेंदूतले डाग शोधणारा, सबंध शहरात ज्याच्या नजरेचा दाखला द्यायचे तो माणूस तिथे बसला होता, तो ठिपका त्याच्यासमोर होता, आणि त्याला तो दिसला नाही. मग दिसला, आणि त्यानं येऊन आम्हाला सांगितलं. मुक्ता पडद्याजवळ गेली आणि जिथे लाल रेघ नव्हती तिथे तिनं बोट टेकवलं.